फसलेल्या तासांचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिक्षकांच्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये माझं टेबल आहे. सुरू व्हायला मला जरा वेळ लागतो, त्यावरून माझी भरपूर थट्टा होते.

शिक्षकांनी आपलं शिकवणं एकमेकांना सांगावं, म्हणून मला इथे आणलं. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "यात फक्त उत्तम धडे टाकायचे. शाळेची शान दिसली पाहिजे!" झालं! सगळ्यांनी नटवलेले धडे भरले आणि वाचायला कोणी फिरकेना. माझ्यावर धूळ साचली, कोणी ओल्या छत्र्या टेकवल्या. मला फार वाईट वाटे.

पुढे गणिताच्या नव्या बाई आल्या. अपूर्णांक शिकवताना त्यांचा वर्ग हाताबाहेर जाई. माझ्यातले धडे वाचून त्या आणखीच खचत. एकदा त्या चित्रकलेच्या सरांना म्हणाल्या, "इथे सगळ्यांना सगळं जमतं हो. मीच नोकरी सोडते."

माझ्यात धडे भरायची सोय करून देणारी संगणकवाली ताई तेव्हा माझ्यासमोरच बसली होती. तिने ते ऐकलं. मधल्या सुट्टीतल्या गप्पाही ऐकल्या. "आज माझा तास पार फसला!" असं म्हणून शिक्षक तो कसा सावरला तेही सांगत होते. कामाचं सगळं तिथे होतं आणि माझ्यात त्याला जागाच नव्हती!

ताई तडक मुख्याध्यापकांकडे गेली. "सर, आता यात शिक्षकांना एवढंच विचारूया: आज काय फसलं, मग काय केलं?"

"अहो, शाळेचं हसं होईल!"

"आणि बाई सोडून गेल्या तर?"

मुख्याध्यापकांना ते पटलं. ते स्वतः गणिताचेच शिक्षक. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून त्यांनी एका बोटाने टंकलं: 'चार दोनपेक्षा मोठे, म्हणून पाव अर्ध्यापेक्षा मोठा, असं मुलं म्हणाली. मी ओरडलो, वर्ग मुका झाला. मग प्रत्येकाला कागद दिला आणि घड्या घालायला लावल्या.'

बाईंनी ते वाचलं. "सर, तुमचाही वर्ग?"

"पार बोजवारा उडाला होता, बाई!"

बाई खळखळून हसल्या आणि कागद घेऊन वर्गावर गेल्या. परतल्यावर त्यांनी लिहिलं: 'कागद कमी पडले, मुलं भांडली. पण अर्धा मोठा, हे पटलं. उद्या पुन्हा.' त्या दिवसापासून सगळेच लिहू लागले.

आता नवा संगणक येतोय. मला भंगारात काढायला माणूस आला, तेव्हा बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "आधी यातला शब्द न् शब्द नव्यात घाला. तोवर याला हात लावायचा नाही!"

मित्रांनो, माझं खोकं खुशाल न्या, पण शिक्षकांनी धडपडून मिळवलेलं ज्ञान जपा. शेवटचा फसलेला तास नव्यात पोचेपर्यंत मी काही बंद पडत नाही.