कॉलिनसाहेबांचं दुःख आणि आमचा आजार

माझा सख्खा भाऊ गुलबाज. तिकडे वझिरिस्तानात जर्दाळूचा टेम्पो घेऊन बाजाराला निघाला होता, वरून ड्रोननं उडवला. इकडे इंग्लंडात, ब्रॅडफर्डच्या शाळेत बाई वर्गाला सांगतात, ड्रोन फक्त वाईट माणसांना टिपतो. माझा मुलगा जरक उठला, बाक आपटून म्हणाला, "माझा मामा वाईट होता का?" झालं! सरकारी खात्यात नाव गेलं, पोरगा कडवा व्हायला लागलाय म्हणून.

मग त्या खात्याचे कॉलिनसाहेब घरी यायला लागले. बोलणं कसं, मधात बुडवलेलं! "जरकच्या मनात हा राग कोण भरतं?"

"अहो, भरायचाय कशाला? मामा मेलाय त्याचा!"

"तसं त्याला वाटतं, म्हणूनच सावध राहायचं."

वाटतं म्हणे! माझ्या भावाचं मरण म्हणजे यांच्या लेखी माझ्या पोराला जडलेला आजार. एकदा चहा पिताना स्वतःचं सांगत बसले. त्यांची आई खाट न मिळता इस्पितळाच्या व्हरांड्यातच गेली. पुढे दोन वर्षं साहेब निषेधाचा फलक घेऊन त्या इस्पितळाच्या दारात उभे. मला गलबलून आलं तेव्हा, खरंच.

शेवटी म्हणाले, "तुमच्या वस्तीच्या सभेत आमच्या कामाबद्दल दोन शब्द चांगले बोला, जरकचं प्रकरण मिटवतो." जरकला विमानतळावर मेकॅनिकचं काम शिकायला जागा मिळाली होती. प्रकरण उघडं राहिलं तर सुरक्षा तपासणीत ती जागा जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सभेला गेले. माईक हातात घेतला. "कॉलिनसाहेब, तुमची आई व्हरांड्यात तडफडून गेली, तेव्हा तुमच्या मनात राग कोणी भरला हो?"

साहेब लालबुंद. "ते... ते वेगळं आहे."

"कसं वेगळं? सांगा की सगळ्यांना! तुमची आई मेली ते दुःख, आणि माझा गुलबाज मेला तो आजार?"

साहेबांचे डोळे भरले. सगळ्यांसमोर. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? मग कुणीतरी माईक बंद केला नि मी खाली उतरले.

बाहेर दाराशी जरक सगळं ऐकत उभा होता. "गेली ना माझी जागा?"

"गेली रे बाळा."

मला वाटलं, आता रडणार.

"मग माईक बंद झाल्यावर गप्प का बसलीस, अम्मी?" तो म्हणाला. "ओरडायचं होतंस."