पाच स्पीकर आणि माझे दोन कान

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरी सगळे म्हणतात. असू दे. चोवीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात कटकट ऐकायचाच पगार घेणाऱ्या बाईच्या नाकावर दुसरं काय असणार? चष्मा तर नाहीच. तो मला सोसत नाही.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यात एक छोटी खोली आहे, भिंतींना आतून फोम लावलेली. तयार झालेला प्रत्येक पंखा तिथे टांगतात, सुरू करतात आणि मी डोळे मिटून ऐकते. बेअरिंग घासतंय का, पातं थरथरतंय का, मोटर गुणगुणतेय का. मोजायला मशीनही आहे, पण मशीनला ‘हा पंखा दोन महिन्यांनी कुरकुरणार’ हे कळत नाही. मला कळतं. म्हणून कारखान्यात मला नावाने कुणी हाक मारत नाही, ‘कानबाई’ म्हणतात.

तर या कानबाईला सहा महिन्यांपासून स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर बसून सिनेमातलं बोलणं कळेनासं झालं होतं.

गाड्या उडालेल्या ऐकू यायच्या, दारं आपटलेली ऐकू यायची, पण माणसं बोलायला लागली की तोंडात पाणी धरून बोलल्यासारखी बोलायची. “काय म्हणाला गं तो?” मी लेकीला विचारायची. बबडी मोबाईलमधून मान वर करून पडद्याकडे बघायची आणि लगेच सांगायची, “तो म्हणाला, किल्ली माझ्याकडे नाही.” एकदा नाही, दर वेळी. ह्यांना विचारलं तरी तेच. बापलेकीला शब्द न् शब्द कळायचा. तिसऱ्या-चौथ्यांदा विचारलं की बबडी म्हणायची, “आई, बहिरी झालीस का गं?”

थट्टेत म्हणायची बिचारी. मला मात्र ती थट्टा वाटत नव्हती.

कारण असं, की सहा महिन्यांपूर्वी मला जबरदस्त सर्दी झाली होती आणि कानांना दडे बसले होते. सर्दी गेली, दडेही सुटले असं वाटलं. पण नेमकं तेव्हापासूनच हे सुरू झालं. आणि माझ्या आधी त्या फोमच्या खोलीत बसणाऱ्या काकांचं असंच झालं होतं. समोरासमोरचं बोलणं ऐकू येई, फक्त टीव्हीवरचं कळेना. पुढे वर्षाच्या कानतपासणीत ते नापास झाले. आता पॅकिंगमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवतात. पगार तोच, पण जेवणाच्या सुट्टीत ते आमच्यात येऊन बसेनासे झालेत. विचारलं तर म्हणतात, “तुम्ही काय बोलता ते कळत नाही, नुसतं हसून हसून गाल दुखतात.”

यंदाची तपासणी सोमवारी होती.

तुम्ही म्हणाल, बाई, पंखे तर ऐकू येतच होते ना? येत होते. पण जे ऐकूच आलं नाही ते सुटलं, हे कळणार कसं? या एका विचाराने माझी झोप उडाली होती. एकेक पंखा मी दोनदोनदा ऐकायला लागले होते. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. उलट कुणी हळू बोललं की मीच खेकसायची, “तोंड उघडून बोला जरा!” म्हणजे दोष बोलणाऱ्याचा.

आणि शुक्रवारी हे म्हणाले, “आपण वेगळा ॲम्प्लिफायर घेऊ या.”

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर बारीक स्क्रू आणि काचा. बोलणं कमी. शौक एकच, सिनेमा, आणि तोही सगळ्यांनी मिळून बघायचा. सहा महिन्यांपूर्वीच त्यांनी पडद्याच्या दोन्ही बाजूंचे नवे स्पीकर आणले होते, माझ्या कमरेइतके उंच. ते जोडले होते आमच्या जुन्याच रिसिव्हरला, म्हणजे टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणाऱ्या पेटीला. “रिसिव्हर कमी पडतोय,” ते म्हणाले. “स्पीकरना ताकद द्यायला वेगळं यंत्र लागतं. उद्या स्पीकरवाल्याच्या दुकानात जाऊन ऐकू. तूही चल.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“ऐकायचं तर आहे. तुझ्याइतकं कुणाला कळतं?”

झालं. म्हणजे उद्या परक्या माणसासमोर माझ्या कानांची परीक्षा. नाही म्हणावं तर संशय येणार, हो म्हणावं तर बिंग फुटणार. “बरं,” म्हटलं आणि दोन भांडी आपटली.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं गेलो. दुकानदाराने फोनवरच सांगितलं होतं की तुमचा रिसिव्हर आणि मधला स्पीकर घेऊन या. “माझ्या स्पीकरवर ऐकलंत तर तुमच्या घरचं काही कळणार नाही,” तो म्हणाला होता. साठीचा माणूस, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर अडकवलेला, बोलायला मोकळा. आत गालिचा घातलेली खोली होती. त्याने आमचा मधला स्पीकर मांडला, बाजूला आमच्यासारखेच उंच दोन ठेवले, मागे छोटे दोन.

“बोलणं सगळं या मधल्यातून येतं,” तो म्हणाला. “आणि तुमचा रिसिव्हर एकटा पाचही जणांना पोसतो. पाच पोरं एकदम ‘आई, भूक’ करत आली की आईचं काय होतं?”

“एकेकाच्या पाठीत धपाटा,” मी म्हटलं.

तो हसला. “इथे धपाटा मधल्याला बसतो. दोघं दांडगे जास्त ओढून घेतात, हा उपाशी राहतो. पेटीवर छापलेल्या वॅटच्या आकड्यांवर जाऊ नका, ते एकाच स्पीकरला जोडून मोजलेले असतात. चला, आधी तुमचं घरचं ऐकू.”

त्याने सिनेमा लावला. पाऊस, बंदर, दोन माणसं पळतायत, मागे बोटीचा भोंगा. एकजण दुसऱ्याला काहीतरी सांगतो. काय सांगतो? तेच, तोंडात पाणी धरून. दुकानदाराने चित्र थांबवलं आणि वळला तो नेमका माझ्याकडे.

“ताई, काय म्हणाला तो?”

खोटं बोलायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण सोमवारी कुठे खोटं बोलणार होते? एकदाचं होऊन जाऊ दे.

“नाही कळलं,” मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. “एक अक्षर कळलं नाही. घरीही कळत नाही. सहा महिने झाले, मला काही कळत नाही!”

हे माझ्याकडे बघतच राहिले. दुकानदार शांतपणे त्यांच्याकडे वळला. “साहेब, तुम्ही सांगा.”

ह्यांनी घसा खाकरला. “तो म्हणाला... बोट... बोटीचं काहीतरी.”

“बोटीचं काय?”

“ते नाही कळलं.”

“आणि तू गं?”

बबडी ओठ चावत म्हणाली, “मलाही नाही कळलं.”

“म्हणजे?” मी ताडकन उठले. “घरी तर धडाधड सांगतेस सगळं!”

“घरी खाली लिहून येतं ना, आई! सबटायटल! मी वाचून सांगते.”

“कुठे लिहून येतं?”

“पडद्याच्या खाली. सहा महिने झाले की! तुला दिसत नाही?”

आता खरं सांगायलाच हवं. पडद्याच्या तळाशी काहीतरी पांढरं पांढरं हलतं, एवढं मला दिसायचं. मी समजायची, जाहिरातीची पट्टी असेल. लांबचा चष्मा मला चार वर्षांपूर्वीच लागला होता. ह्यांनी एक सोडून तीन करून दिले. तिन्ही कपाटात. आणि ह्यांनी विचारलं की माझं ठरलेलं उत्तर, “लांबचं मला लख्ख दिसतं.” चष्मेवाल्याची बायको! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा असा.

“थांबा,” मी म्हटलं. “म्हणजे सहा महिने या घरात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं?”

दुकानदाराने आपलं हसू टेस्टरशी खेळत कसंबसं दाबलं.

मग त्याने पहिला ॲम्प्लिफायर जोडला. रिसिव्हर फक्त हुकूम सोडणार, पुढच्या तिघांना ताकद हा देणार. तोच पाऊस, तेच बंदर. “बोट सुटली तर पोरगी गेली,” तो माणूस म्हणाला. स्वच्छ! मला कळलं, ह्यांना कळलं, बबडीला कळलं. फक्त आवाज जरा टोचरा होता, स्टीलच्या ताटावर चमचा घासावा तसा. दुसरा जोडला. काळा ठोकळा, ना दिवा ना नक्षी. त्यावर पावसाचे थेंबसुद्धा वेगवेगळे ऐकू आले आणि त्यांच्या पलीकडे माणसाचा दमलेला श्वास.

तिसरा आला तो मात्र नटून. पुढे निळी काच, आत डोलणाऱ्या दोन सुया. ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “हाच,” ते सुरू व्हायच्या आधीच म्हणाले. बोलणं यावरही झकास होतं. पण दृश्य संपून खोलीत शांतता झाली आणि माझ्या कानाला काहीतरी लागलं.

“हा गुणगुणतोय,” मी म्हटलं.

“काहीच ऐकू येत नाहीये,” बबडी म्हणाली.

“स्पीकरमधून नाही. पेटीतून. उजव्या अंगाने, मागच्या बाजूला.”

दुकानदाराने पेटीला कान लावला, नकारार्थी मान हलवली. मग झाकणावर तळवा टेकवला, थोडा मागे सरकवला, आणि तिथेच थांबला; हाताला थरथर लागली होती. झाकण उघडून त्याने आतला ट्रान्सफॉर्मरचा स्क्रू टेस्टरने दोन वेढे आवळला.

“आता?”

“कमी झालं. गेलं नाही.”

तो टाचांवर बसून माझ्याकडे बघत राहिला. “ताई, तीन आठवडे हा इथे आहे. रोज गिऱ्हाईकं ऐकतात. मीही ऐकतो. कुणालाही हे ऐकू आलेलं नाही. तुम्ही करता काय?”

“पंखे ऐकते,” मी म्हटलं. आणि मला रडूच फुटलं. त्या गालिच्याच्या खोलीत, परक्या माणसासमोर, हुंदके देऊन रडले मी. काय सांगू, जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बबडी घाबरून पाणी आणायला पळाली. ह्यांनी फक्त माझा हात धरला आणि दुकानदाराला म्हणाले, “दुसरा द्या. काळा.” सुयांकडे एकदा वळून बघितलं हं पण. मी बघितलं ते.

तो ठोकळा वीस किलोचा. जिन्यावरून वर चढवताना प्रत्येक पायरीला टेकवावा लागला. मधल्या वळणावर हे दम खायला थांबले, तेव्हा मी म्हटलं, “अहो, ती खालची अक्षरं लावली कुणी होती?”

“मी.”

“का? तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून?”

ते रुमालाने मान पुसत राहिले. मग म्हणाले, “तू सारखं ‘काय म्हणाला, काय म्हणाला’ विचारायला लागलीस. मला वाटलं, तुझे कान... कारखान्यातल्या त्या काकांचं तूच सांगितलं होतंस. तुला तोंडावर कसं म्हणणार? म्हटलं, निदान वाचून तरी कळेल. मग आम्हालाच वाचायची सवय लागली.”

“आणि हा ॲम्प्लिफायर?”

“सोमवारच्या आत हवा होता. वाटलं, घरी एकदा नीट ऐकू आलं की तुझा धीर सुटणार नाही.”

एरवी मी ओरडले असते. सहा महिने मनात ठेवलंत, एका शब्दाने बोलला नाहीत म्हणून. पण कोणत्या तोंडाने ओरडू? मीही तेच केलं होतं. मी खाली वाकून ठोकळ्याची माझ्याकडची बाजू धरली आणि म्हटलं, “उचला. अजून अकरा पायऱ्या आहेत.”

घरी जोडणी झाल्यावर ह्यांनी रिमोट घेतला, अक्षरं बंद करायला. “थांबा,” मी म्हटलं. कपाटातून तिन्हींतला एक चष्मा काढला, धूळ झटकली आणि डोळ्यांवर चढवला. पडद्याच्या तळाशी स्वच्छ लिहिलेलं होतं. कोण काय बोललं ते तर होतंच, शिवाय कंसात ‘दार करकरतं’, ‘दूरवर कुत्रं भुंकतं’ असलंही. मला जे ऐकू येत नाही असं ह्यांना वाटलं, ते सगळं ह्यांनी माझ्यासाठी पडद्यावर लावून ठेवलं होतं, आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं. अर्धा तास मी सिनेमा नुसता वाचला. मग म्हटलं, “आता करा बंद.”

सोमवारी तपासणी झाली. कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. “गेल्या वर्षीपेक्षा तसूभरही फरक नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वयाला असे कान मी क्वचितच बघते.”

फाटकापाशी येऊन मी ह्यांच्या दुकानात फोन लावला. मागे दुकानात गिऱ्हाईकं असावीत, बोलणं चाललं होतं.

“पास,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले. एवढंच. सहा महिन्यांच्या काळजीवर एक ‘बरं’! नेहमीसारखा माझा पारा चढायला लागला होता.

पण त्यांनी फोन ठेवला नव्हता. हातातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी काचेच्या काउंटरवर ठेवला, मी ऐकलं. मग त्यांचं ते जुनं, एका पायाने लंगडं स्टूल करकरलं. दिवसभर उभ्याने काम करणारा माणूस, गिऱ्हाईकांसमोर खाली बसला होता. आणि मग एक श्वास, खूप दिवस धरून ठेवलेला.

“कानबाई, चला, पंखे लागलेत!” आतून कुणीतरी हाक मारली. मी मात्र फोन कानाला लावून तशीच उभी राहिले, त्यांचा श्वास नीट चालू होईपर्यंत.