उचललेली भाकर

हैलाने जूदचं तोंड उघडून बोट पार घशापर्यंत घातलं. पाच वर्षांची पोर गुदमरली, ओकली. बाहेर आलं ते नुसतं सकाळचं दूध. हैलाने तिच्या ओठांवर पाणी ओतलं, ओढणीने खसाखसा पुसलं, पुन्हा ओतलं.

"खाल्लीस का? खरं सांग."

"नाही आजी. खाली पडली होती. उचलली, पापा घेतला आणि वर ठेवली. तूच सांगितलंस ना तसं?"

अंगणाच्या दगडी गडग्यावर भाकरीचा तुकडा नीट ठेवलेला होता. पडलेलं अन्न पायाखाली येऊ द्यायचं नाही, ओठांना लावून उंचावर ठेवायचं, हे या डोंगरात पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

तो तुकडा हैलाच्या दिराने, मुशब्बबने, पहाटे वरच्या शेतात टाकला होता. माकडांनी तीन वर्षं ज्वारी घरात येऊ दिली नव्हती. यंदा तर हैलाने दगड उगारला की मोठा नर दात विचकून दोन पावलं पुढेच यायचा. शेवटी मुशब्बबने कुठूनसं विष आणलं. कुणाजवळ बोलू नको, असं त्याने बजावलं आणि हैलाने मान डोलावली होती.

हैलाची हाक ऐकून तो धावत आला. नुसतं ओठांना लागलं तर काय होतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने बारा तुकडे टाकले होते. वरच्या शेतात एकही माकड मेलेलं नव्हतं, एकही तुकडा उरला नव्हता. हुंगून, फेकत फेकत माकडांनी ते बांधाबांधाने गावात उतरवले होते.

जूदला पाठीशी बांधून हैला त्याच्यासोबत फिरली. पोरीचा श्वास मानेला लागतोय ना, हे ती दर चार पावलांनी थांबून बघायची. दुपारपर्यंत गडग्यावरचा धरून अकरा तुकडे सापडले. त्यातला एक मशिदीच्या कट्ट्यावर होता, कुणीतरी आदबीने उचलून ठेवलेला.

"बारावा कुत्र्याने नेला असेल, वहिनी."

"असेल."

"सांगितलं तर गाव मला दारात उभं करणार नाही."

हैलाने जूदला बांधलेली गाठ घट्ट केली. मुशब्बबने तुकड्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि चपला काढून तो मशिदीत शिरला.

बांगेची वेळ नव्हती, तरी भोंगा खरखरला. त्याने आधी बापाचं नाव घेतलं, मग स्वतःचं.

"कुठे भाकर पडलेली दिसली तर उचलू नका. ओठांना लावू नका. त्यात विष आहे. मी घातलंय."

दारं उघडली. बायका पायऱ्यांवर येऊन पोरांना हाका मारू लागल्या. वर ज्वारीत कणसं मोडल्याचा आवाज येत होता. माकडांना हाकलायला कुणी गेलं नाही. एकेका हाकेला ओ येत गेली, एकेक दार लागत गेलं. खालच्या आळीतली एक आई मात्र तेच एक नाव पुन्हा पुन्हा घेत होती.