पाय टेकणारी गाडी

"मार ना! पर्सनं मार, पण जोरात मार," तो बायकोला म्हणाला.

शोरूमच्या चकचकीत फरशीवर, एका उंच काळ्या मोटरसायकलवर तो बसला होता. बसला कसला, टांगला होता. बुटांचे चवडे तेवढे जमिनीला लागत होते, टाचा हवेत.

"अहो, लोक बघतायत."

"तिथंही लोकच असतात."

तिने पर्स गरकन फिरवली, ती त्याच्या कानशिलावर बसली. त्याने गाडी मागे रेटायला जोर लावला, चवडा सटकला, गाडी डावीकडे कलली. टाय लावलेला विक्रेता धावत येऊन हँडलला लटकला नसता, तर नवी कोरी गाडी गिऱ्हाइकासकट आडवी झाली असती.

"ही नको," तो उतरत म्हणाला. "हिच्यावर मेलो मी."

"सर, हे काय चाललंय?" टायवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी निवडतोय."

कामावर त्याला पक्कड म्हणत. बुटका, रुंद, दोन्ही पायांना बाक. खिशातल्या पकडीत आणि त्याच्यात फरक एवढाच, की पकडीला कुणी मारत नाही. वीज कंपनीत त्याचं काम आकडे काढण्याचं. वस्तीतले लोक खांबावरच्या तारेला आपली तार अडकवून फुकटची वीज घेतात, तो आकडा. पक्कड आणि त्याचा जोडीदार जाऊन ती तार कापतात. जोडीदार लांबलचक, मान पुढे काढून चालणारा, म्हणून त्याचं नाव उंट. उंट शिडी लावून वर चढतो आणि कापतो. पक्कड खाली गाडीवर बसून राहतो, इंजिन चालू, गाडीचं तोंड गल्लीच्या बाहेर. साहेब मोठ्या रस्त्यावर, काचा वर करून, थंडगार हवेत. घरातला पंखा थांबायचा अवकाश, गल्ली अंगावर येते. अंधारात ढकललेला माणूस हाताला लागेल ते फेकतो, आणि समोर सापडतो तो पक्कड. कंपनी कधी सापडत नाही.

मागच्या वेळची गाडी मेहुण्याने पसंत केलेली होती. "भाऊजी, गाडी कशी भारदस्त पाहिजे. माणूस लहान असला म्हणून काय झालं?" ती भारदस्त गाडी चढाच्या गल्लीत मागे सरकली, पक्कडचा पाय जमिनीपर्यंत पोचलाच नाही, आणि सगळं धूड त्याच्या डाव्या पायावर बसलं. मग ते आले. गाडीखाली अडकलेल्या माणसाला मारणं सोपं असतं, नेमसुद्धा धरावा लागत नाही. एकाने गजाने गुडघा फोडला. हाड मोडताना काटकी मोडल्यासारखा आवाज येतो असं लोक सांगतात. खोटं आहे. ओल्या पोत्यात वीट फोडावी तसा येतो. एक बाई त्याच्या बरगड्यांवर पत्र्याची बादली आपटत होती आणि दर दणक्याला ओरडत होती, "माझं दूध नासलं! माझं दूध नासलं!" तिचा फ्रिज बंद पडला होता. ती रडत होती आणि मारत होती.

उंटाने खांबावरून उडी टाकली, गर्दीत घुसला आणि पक्कडच्या अंगावर पालथा पडला. उरलेला मार त्याच्या पाठीने खाल्ला. जमावाने शेवटी गाडी पेटवून दिली.

गुडघा सांधला, पण पुरता वाकेना. साहेब म्हणाला, कामावर ये नाहीतर कायमचा घरी बस. घरी बसून खायचं काय, हे साहेबाला विचारायची पद्धत नाही. म्हणून आज शोरूम.

"सर, हिचं मायलेज सांगू का?" टायवाल्याने दुसरी गाडी दाखवली.

"मायलेज मेल्यावर बघू. वळायला जागा किती लागते?"

"मग स्कूटर घ्या ना, सर. गिअर नाही, पाय मस्त टेकतात."

"गटारात तिचं चाक अख्खं जाईल. आणि शिडी कुठं बांधू, तुझ्या टायला?"

बायको हसली. पक्कडने साइड स्टँड खाली ठेवून बटण दाबलं. गाडी गिअरमध्ये होती, चालू झाली नाही. त्याने पुन्हा दाबलं.

"स्टँड वर केल्याशिवाय गिअरमध्ये चालू होत नाही, सर," टायवाला अभिमानाने म्हणाला. "सुरक्षेसाठी आहे."

"कुणाच्या?"

टायवाल्याला कंपनीने एवढंच शिकवलं होतं.

कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला, एक लाल गाडी उभी होती. काटकुळी, बसकी, अरुंद टाकीची. गिअरच्या दांडीला मागेही एक पट्टी, टाचेने दाबायची. "ती नका बघू," टायवाला म्हणाला. "ती म्हातारे घेतात. नाहीतर दूधवाले." पक्कड तिच्यावर बसला आणि त्याच्या दोन्ही टाचा फरशीवर सपाट टेकल्या. आडदांड माणसांना हे कळायचं नाही. आयुष्यभर टेबलं, खुर्च्या, बसच्या दांड्या, सगळं दुसऱ्याच्या मापाचं वापरलेल्या माणसाच्या टाचा कशावर तरी बसून जमिनीला टेकतात, तेव्हा त्याला कुणीतरी आपलं नाव घेतल्यासारखं वाटतं.

डाव्या टाचेने गिअर पडला. गुडघा वाकवावा लागला नाही. पायाने रेटली, गाडी शेळीसारखी मागे आली.

"मार," तो म्हणाला.

पर्स हवेतून फिरून रिकामी गेली. त्याने गाडी जागच्या जागी वळवली होती. बायकोने पुन्हा मारली, मग पुन्हा. तिसऱ्यांदा ती त्याच्या मागे धावली आणि पाठीत दणकन घातली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"लागलं की," तो म्हणाला.

"ते याच्यापेक्षा जोरात मारतील."

"म्हणून तर ही घेतोय."

शोरूमच्या मागे कारखाना होता. तिथल्या मेकॅनिकला त्याने स्टँडच्या स्विचची तार काढायला लावली आणि मागचे दोन्ही शॉकअप नरम करायला सांगितले. "मागं माणूस टेकला की मला ढुंगणाखाली कळलं पाहिजे."

त्यामागे कारण होतं. आकडे काढणाऱ्यांचा एक नियम असतो, पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. बघणाऱ्याच्या तोंडावर दगड बसतो. मागचा बसला की पाठीवर थाप मारतो, थाप पडली की पुढचा गाडी सोडतो. उंटाची थाप म्हणजे फावडं. पक्कडच्या सांधलेल्या बरगड्या त्याने कळवळत.

"आता थाप नको मारूस," पहिल्याच दिवशी पक्कडने त्याला सांगितलं. "बसून बघ."

उंट बसला. गाडीचं मागचं अंग खाली गेलं, हँडल किंचित हलकं झालं.

"कळलं मला. तू बसलास की ही सांगते."

"वहिनी बोलत नाही इतकं ही बोलते तर!" उंट म्हणाला. त्याने मारायला उचललेली थाप हवेतच थांबवली आणि हात मांडीवर ठेवला. तो हात कुठे ठेवायचा हे त्याला पुढेही नीटसं जमलं नाही.

थोड्याच दिवसांत साहेबाने तीच चढाची गल्ली पुन्हा दिली.

भर दुपार होती. उंटाने शिडी लावली, आधीच्या गल्लीत कापलेल्या तारेचं भेंडोळं खांद्यावर घेत तो वर सरकला. पक्कड गाडीवर, इंजिन चालू, टाचा जमिनीवर. वर कट् असा आवाज आला, मग पुन्हा आला. घराघरातले आवाज बंद पडले, आणि त्या शांततेतून पहिली शिवी आली.

पहिली वीट टाकीवर. दुसरी पाठीत. मागे गल्लीच्या आत वेगळाच कल्ला उठला, कुणाला तरी बडवत होते, कुणीतरी किंचाळत होतं. पक्कडने मागे पाहिलं नाही. शिडी धडधडत कोसळली. तरी पाहिलं नाही. बाटली हेल्मेटवर फुटली, काचा कॉलरमध्ये गेल्या. आणि गाडी मागून बसली. हँडल हलकं झालं. खांद्यावर हात पडला.

त्याने क्लच सोडला.

गाडीने करायचं ते सगळं केलं. आडव्या आलेल्या दोघांमधल्या फटीतून ती गेली, गटार ओलांडताना डगमगली आणि पक्कडच्या टाचेने तिला सावरलं. कुणीतरी काठी चाकात घालायला वाकलं, त्याच्या बोटांवरून चाक गेलं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर पक्कड मोठ्याने हसला.

"बघितलीस, उंटा? बघितलीस आपली राणी?"

त्याने खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं. हात बारीक होता, नखांत काळं होतं.

"थांबू नको," अनोळखी आवाज म्हणाला. "पुढं घे, पुढं घे!"

पक्कडने कोपर मागे हाणलं. गाडी पडली, दोघं रस्त्यावर घसटत गेले. पक्कड आधी उठला, त्या माणसाच्या छातीवर बसला आणि खिशातली पक्कड काढून त्याने तोंडावर मारली. पहिल्या फटक्यात ओठ फाटला. दुसऱ्यात दात पडले. पक्कड मारत राहिला, गुडघ्यासाठी मारलं, बादलीसाठी मारलं, काचा वर करून बसणाऱ्या साहेबासाठीही याच्याच तोंडात मारलं. त्याला बरं वाटत होतं. हे लिहू नये म्हणतात, पण त्याला फार बरं वाटत होतं.

"मी... मी त्यांचा नाही," तो माणूस रक्त गिळत म्हणाला. "मी आकडेवाला. आकडे टाकतो. त्यांना वाटलं मीच कंपनीला सांगितलं. मलाच मारत होते. तुझी गाडी चालू दिसली... मागं कुणी नव्हतं..."

पक्कडचा हात वरच राहिला.

"वरचा माणूस कुठाय?"

"शिडी ओढली त्यांनी. पडला तो."

साहेबाची गाडी हाकेच्या अंतरावर उभी होती. पक्कड लंगडत गेला, रक्ताळलेल्या हाताने काच बडवली. काच बोटभर खाली आली.

"पोलिसांना फोन केलाय," साहेब म्हणाला. "तू आत जाऊ नकोस. इथंच थांब."

"उंट आत आहे, साहेब."

"कोण?"

बरोबर होतं साहेबाचं. त्याला उंट हे नाव कुठून माहीत असणार. पक्कड काचेच्या फटीतून आत थुंकला आणि वळला. गाडी उचलली. ती एका हाताने उचलता आली. हँडल वाकडं झालं होतं, पण इंजिन चालू झालं.

"बस मागं," तो आकडेवाल्याला म्हणाला.

"मारून टाकतील मला!"

"मीपण टाकीन. बस."

गल्ली शांत होती. जमाव थकला की घरी जातो, हातपाय धुतो, पाणी पितो. दारांत थोडे लोक उभे होते. उंट खांबापाशी पडला होता, एक हात अंगाखाली, तारेचं भेंडोळं गळ्यात. त्याच्या डोक्याखालची जमीन काळी झाली होती. चेहऱ्याची एक बाजू ओळखू येत नव्हती. तो श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला नाकातून बुडबुडा येत होता.

पक्कडने काखेत हात घालून त्याला उचललं. उंट उचलला जाईना. आकडेवाला मदतीला आला, तरी पाय लोंबतच राहिले. तेव्हा दारातल्या एका माणसाने हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली, पुढे आला आणि पाय धरले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पाय गाडीवर टाकून तो माणूस परत गेला आणि त्याने काठी पुन्हा हातात घेतली, पण मारली नाही.

पुढे पक्कड, मध्ये उंट, मागे आकडेवाला. गाडी इतकी बसली की चाक वर मडगार्डला घासायला लागलं. थोडं पुढे गेल्यावर पक्कडला खालून खरखर ऐकू आली. त्याच्या मापाची गाडी होती. उंटाचे पाय दोन्ही बाजूंनी जमिनीवर घसटत होते. एक बूट मागेच निघून पडला होता आणि मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

त्याने गाडी थांबवली. "पाय घे त्याचे वर."

आकडेवाला उतरला. उंटाच्या गळ्यातल्या भेंडोळ्यातून त्याने तार ओढली, पक्कडकडून पक्कड मागून घेतली, तुकडे केले आणि उंटाचे पाय फूटरेस्टला बांधले. त्याला तार बांधता येत होती. दोन वेढे, एक पीळ, टोक आत वळवलेलं, म्हणजे टोचणार नाही.

उंटाचं डोकं पक्कडच्या खांद्यावर आलं होतं. श्वास मानेला लागत होता, गरम आणि ओला. साहेबाच्या गाडीवरून पुढे जाईपर्यंत लागत होता. पुलापर्यंतही लागत असावा. मग वारा सुटला आणि पक्कडला काही कळेना. त्याने वेग वाढवला नाही, कमीही केला नाही.

हॉस्पिटलकडे वळताना तो सवयीने म्हणाला, "धर रे, वळतोय."

मागच्या माणसाने दोन्ही हात पुढे घेतले आणि दोघांनाही धरलं.