सविताच्या पायांची वजरी

मित्रांनो, तुम्ही मला बहुधा ओळखणार नाही. मी एक जुनी वजरी आहे, पितळेची, मुठीत मावेल एवढी. धरायला माझ्या पाठीवर छोटा पोपट आहे आणि पोटाला बारीक दाते आहेत. आंघोळीच्या वेळी माणसं माझ्याने टाचा घासतात. कौतुकाने सांगावं असं हे काम नाही. पण माणसांचे तळपाय जेवढे मी पाहिले, तेवढे त्यांच्या आयांनीही पाहिले नसतील.

नगरच्या एका ओताऱ्याने मला ओतलं आणि कानशीने माझा एकेक दाता काढला. रतनबाईंच्या लग्नात रुखवतातून मी नगरकडच्याच बेलापूरला आले. दिवाळीच्या पहाटे सगळं घर माझ्यासाठी खोळंबून राहायचं. "वजरी कुठाय? वजरी कुणी नेली?" असा पुकारा झाला की मला फार बरं वाटे. पुढे न्हाणीची बाथरूम झाली, फरशी आली, लाल प्लास्टिकचा ब्रश आला. मी खिडकीच्या कोपऱ्यात काळी पडत बसले. माझ्या पोपटाच्या चोचीत साबण वाळून घट्ट झाला, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

रतनबाईंची सून सविता. तिचा नवरा गोरक्षनाथ दुधाचा टेम्पो चालवतो आणि सविता घरची पिठाची गिरणी पाहते. गल्लीतल्या बायकांबरोबर ती सकाळी कालव्याच्या रस्त्याने फिरायला जायची. एकदा एक कुत्रं त्यांच्या मागे लागलं. बाकीच्या बायका किंचाळत जागीच थांबल्या, सविता मात्र पळाली. थोड्या वेळाने कुत्रं थांबलं, सविता थांबली नाही. घरी आली तेव्हा ती घामाने निथळत होती आणि हसत होती. दुसऱ्या दिवशी ती कुत्रं नसतानाही पळाली.

आधी पाच किलोमीटर, मग दहा, मग एकवीस. शेवटी तिने नगरच्या बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनला नाव दिलं.

रतनबाईंना हे मुळीच आवडलं नव्हतं. एकदा दळण घेऊन आलेली शेजारीण म्हणाली, "रतनबाई, तुमची सून रोज पळून जाती म्हनं. रोज परत येती न्हवं?" गिरणीतल्या सगळ्या बायका हसल्या. रतनबाई हसल्या नाहीत. दोन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

मग एका सकाळी बाथरूमचं दार उघडं राहिलं. सविता पाटावर बसून आपला पाय पाहत होती. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं आणि टाचेच्या भेगेतून रक्त येत होतं. ती ओठ दाबून रडत होती. रतनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी खिडकीतून मला काढलं, चिंच लावून चकचकीत घासलं आणि सुनेपुढे धरलं.

"ह्ये घे. टाच उलली तर पळशील कशी?"

सविताने वर पाहिलं. "आत्या, तुमी चिडला न्हाई?" सासूला ती आत्या म्हणायची.

"चिडलेय. पाय आधी पान्यात घाल."

तिथून माझे दिवस पालटले. रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की सविता पायरीवर बसायची. घमेल्यात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. टाचा माझ्याने घासून झाल्या की भेगांत कोकमतेल भरायची. रतनबाई शेजारी बसून भाजी निवडायच्या आणि रागावल्यासारखं करत सगळं विचारून घ्यायच्या. आज कुठवर गेलीस? वाटेत पाणी प्यालीस का? बोटाचा फोड कसा हाय? आधीचे बूट आखूड निघाले, म्हणून सविताने एक नंबर मोठे आणले. नख गळून नवं आलं. बोटांच्या मागे, तळव्याच्या पुढच्या भागावर, कातडी हळूहळू जाड आणि पिवळसर झाली. तिथे सविता मला कधी लावायची नाही. पळताना फोड येऊ नयेत म्हणून ती कातडी तिच्या पायाने स्वतःच तयार केली होती. पण हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी रतनबाईंनी घमेलं स्वतः भरलं. "बस," त्या म्हणाल्या आणि सविताचा पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

सविता दचकली. "आत्या, हे काय? तुमी माझ्या पायाला हात लावायचा न्हाई!"

"गप बस. उद्या एवढ्या लोकांत जानार. माज्या सुनेचे पाय कसे लोन्यावानी दिसाय पायजेत."

आणि त्यांनी मला हातात घेतलं. टाच झाली. मग त्या पुढे सरकल्या, थेट त्या जाड कातडीवर. सविताचा पाय आखडला. "आत्या, बस झालं आता," ती म्हणाली. पण रतनबाई खाली मान घालून, जीव लावून घासत होत्या. सविता त्यांच्या पांढऱ्या भांगाकडे पाहत राहिली आणि तिने पाय तसाच राहू दिला. माझ्या दात्यांखाली ती कातडी निघत गेली. खाली गुलाबी, कोवळा तळवा उघडा पडला. रतनबाईंनी त्यावर हात फिरवला. "बग, कसा झालाय," त्या म्हणाल्या.

"लई छान झालाय," सविता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोरक्षनाथने टेम्पो काढला. पळून झाल्यावर पायांना तेल लावायचं म्हणून रतनबाईंनी मला, कोकमतेलाला आणि जुन्या लुगड्याच्या एका मऊ धडप्याला पिशवीत घातलं. सविता पळायला लागली आणि आम्ही पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला थांबलो. ऊन चढलं. कितीतरी लोक आमच्यासमोरून गेले. सविता आली ती लंगडत. तिचा पांढरा मोजा बुटाच्या कडेला लाल झाला होता.

"काय झालं गं?"

"काही न्हाई आत्या. बूट चावला."

"काढ बगू."

तळव्याची कातडी सोलून गुंडाळली गेली होती. रतनबाई खाली वाकल्या.

"म्या घासलं तितंच हाय ह्ये," त्या म्हणाल्या.

"न्हाई ओ आत्या. मोजा भिजला, म्हणून झालं."

गोरक्षनाथ म्हणाला, "सविता, पुरे झालं. बस गाडीत."

सविता त्याच्याकडे झुकून हळूच बोलली, पण पिशवीत मला ऐकू आलं. "आता बसले, तर आत्या जन्मभर स्वतःला बोल लावत्याल."

रतनबाईंनी धडपा फाडला. एका पट्टीला कोकमतेल चोपडून त्यांनी ती तळव्याला गुंडाळली आणि वर मोजा चढवला. डोळे पुसत म्हणाल्या, "पळू नगं. चालत जा. आमी फुडं थांबतो."

ती चालत आली. तोवर मांडव उतरवत होते, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. वेळ केव्हाच संपली होती. पदक मिळालं नाही. शेवटच्या रेषेपाशी रतनबाई एकट्याच टाळ्या वाजवत उभ्या होत्या. खुर्च्या उचलणारी माणसं थांबली आणि तीही टाळ्या वाजवू लागली.

घरी आल्यावर रतनबाईंनी मला उचलून पुन्हा खिडकीत ठेवलं. सविताच्या जखमा भरल्या, ती हळूहळू चालू लागली, तरी त्यांनी मला हात लावला नाही. मला वाटलं, आपले दिवस सरले.

एका संध्याकाळी सविताच मला घेऊन पायरीवर आली. "आत्या, टाचा तेवढ्या घासून द्या."

"न्हाई बाई. माजा हात वंगाळ."

"बरं. मग तुमचा पाय द्या."

रतनबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "माजं काय बगतीस? म्हातारीचे पाय!"

"द्या म्हणते ना."

त्या बराच वेळ नको नको म्हणत राहिल्या. मग हळूच एक पाय पुढे आला. सविताने तो मांडीवर घेतला. मित्रांनो, त्या टाचेच्या भेगा इतक्या खोल होत्या की माझ्या काळजात कळ आली. सून पळून आली की रोज तिच्या फोडांची चौकशी करणारी ही बाई स्वतः कशी चालत होती, कोण जाणे. तिने मला पाण्यात बुडवलं आणि अगदी हलक्या हाताने फिरवायला सुरुवात केली.

"दुकतंय का?" तिने विचारलं.

"न्हाई," रतनबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांचं दुखलंखुपलं पाहतं, त्याच्या पायांकडे आज एकदा पाहा. ते माणूस पाय लपवेल, नको म्हणेल. तरी थोडं कोमट पाणी घेऊन त्याच्यापाशी बसा.