पार्बताबाईनं लपवलेलं चाडं

मी नांदगाव खंडेश्वरच्या एका तिफणीचं, तीन फणांच्या पेरणीच्या अवजाराचं, चाडं बोलतोय. चाडं म्हणजे लाकडी वाडगा, तळाला तीन भोकं. बाई मुठीतून बी सोडते, ते माझ्यातून नळ्यांत उतरतं आणि नळ्यांतून मातीत. काम एवढंच, पण ऐट विचारू नका! ओढणार बैल, आणि पेरणीच्या दिवशी हळदकुंकू मात्र मला.

पार्बताबाई लग्न होऊन आली तेव्हापासून मला एकच मूठ माहीत, तिची. नवरा गेला तरी ती पेरत राहिली. पण मुलगा शेषराव अकोल्याला कापसाच्या जिनात कारकून. त्यानं वावर गावातल्याच नत्थुजीला विकलं. नांगर, वखर, मोट, तिफण, सगळं अंगणात मांडलं आणि नत्थुजीच्या बैलबंडीत चढवलं.

त्याआधीच पार्बताबाईनं माझी दोरी सोडून मला लुगड्याच्या बोचक्यात कोंबलं. म्हणाली, "चाडं नसलं का पेरनी अडते. मंग येतीनच मले बलवाले."

शेषराव तिला अकोल्याला घेऊन आला आणि त्याच्या जठारपेठेतल्या खोलीत मी खुंटीला लटकलो. सून शकुन माझ्यात लसूण ठेवायची. पाकळ्या भोकांतून खाली पडल्या की माझ्यावरच चिडायची. समोर भिंत, खिडकीबाहेरही भिंत. माझा जीव नुसता गुदमरायचा. पार्बताबाई खाली बसून डाळ निवडायची आणि तिची मूठ आपोआप सैल व्हायची, पेरताना व्हायची तशी.

मृग तोंडावर आला आणि खरंच नत्थुजी दारात उभा! तिनं मला घाईनं धुतलं, दोन लुगडी बांधून बोचकं काखेत मारलं.

"चला भाऊजी, मी येतो. पयली मूठ माहीच."

नत्थुजीनं मान खाली घातली. "वयनी, आता आमची कौशल्या पेरते. सुताराले नवं चाडं कराले सवड नाई मून आलो. चाडं तेवढं द्या."

"माय, काहून हट्ट करून राहिली? दे ना," शेषराव म्हणाला.

ती मला किती वेळ धरून बसली. मग दिलं. बोचकं काखेतच राहिलं.

आता मी पुन्हा तिफणीवर आहे, त्याच वावरात. कौशल्याची मूठ वाईट नाही. पण मला रडू येतं. कुणी जठारपेठेकडे गेलात, तर रिकाम्या खुंटीखाली बसलेल्या त्या बाईला घेऊन या. वावर तिचं नाही, हे तिला कळतं. एक फेरी तेवढी पेरू द्या तिला. तिनं बोचकं अजून सोडलं नसेल.