गॅरेजमधला गारवा

“याला भंगारात द्यायचं नाही हं नंदा, अजून गारवा चोख धरतो. गॅरेजमध्ये लाव.” गुरुदत्तकाकांचे हे शब्द माझ्या कानांत अजून ताजे आहेत. मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचा.

स्वयंपाकघरात होतो तेव्हा माझा केवढा मान! इडलीचं पीठ, नैवेद्याचं दूध, छोट्या रुहीचे केक, सगळं माझ्या पोटात. नंदाकाकू सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आणि मग माझं दार पुसायच्या. पुढे दोन दारांचा चकचकीत फ्रिज आला आणि मी गॅरेजमध्ये गेलो. इकडच्या उन्हाळ्यात गॅरेज म्हणजे भट्टीच. पण काकूंचा जसा नेम, तसा माझाही. आतला गारवा मोडू द्यायचा नाही.

एके दिवशी काकूंनी गुळांब्याच्या बरणीमागे एक इवलीशी बाटली लपवली. गुडघ्यांनी त्या बेजार होत्या. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मोठ्या औषध कंपनीचं वजन उतरवायचं इंजेक्शन इन्शुरन्सने नाकारलं आणि पदरचे पैसे घालून ते परवडेना. म्हणून त्यांनी ऑनलाइन क्लिनिकमधून, फार्मसीत मिसळून बनवलेलं, बरंच स्वस्त औषध मागवलं. सिरिंजवरच्या एका रेघेपर्यंत भरायचं नि पोटावर टोचायचं. गुण आला. काकू जिना चढताना गुणगुणू लागल्या.

त्यांच्या भजनातल्या मैत्रिणीला, उत्तरामावशीला, बाटली दिसलीच.

“लपवतेस काय गं? मलाही दे ना थोडं. विरजण नाही का नेत तुझ्याकडून?”

“विरजणाला निदान दूध तरी तुझं असतं!” काकू हसल्या. “बरं, नवी बाटली आली की रविवारी तुझ्याकडे येते. शब्द माझा.”

नवी बाटली आली तेव्हा काकू देवळात होत्या. खोकं भर उन्हात दारात पडून राहिलं. आतली बर्फाची पिशवी वरणासारखी कोमट झाली. काकूंनी बाटली माझ्याकडे सोपवली नि निर्धास्त झाल्या. मित्रांनो, गार आलेलं गार राखणं मला जमतं. तापून बिघडलेलं औषध सुधारणं माझ्या हाती नाही.

त्यांनी नेहमीच्याच रेघेपर्यंत औषध घेतलं. दुसऱ्या दिवशी संकष्टी. ओकाऱ्या सुरू झाल्या, तर म्हणे उपासाचं पित्त! कोकम सरबत काढायला आल्या नि माझं दार धरून खालीच बसल्या. आता मोठी झालेली रुही सुट्टीला घरी आलेली होती म्हणून बरं. तिनं बाटली उचलून पाहिली.

“आई, लेबल वाचलंस? धिस इज डबल स्ट्राँग!”

“पित्त आहे गं. चंद्रोदय झाला, दोन घास खाल्ले की...”

“बाप्पावर ढकलू नकोस, प्लीज. चल, गाडीत बस.”

हॉस्पिटलात सलाइन लावलं तेव्हा उतार पडला. घरी आल्यावर रुहीनं माझ्यासमोरच फार्मसीला फोन लावला. या वेळचं औषध दुप्पट तीव्र होतं, म्हणून ते निम्म्या रेघेपर्यंतच भरायचं होतं. आणि तापलेली बाटली तर वापरायचीच नव्हती. काकूंचा चेहरा उतरला.

“उत्तरा एकटी राहते गं. हे तिला दिलं असतं तर तिला कुणी नेलं असतं?” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, महागाईमुळे कुणी स्वस्त वाट धरली तर त्याला हसू नका. पण अशा मिसळून केलेल्या औषधाची, कंपनीच्या औषधासारखी, विकण्याआधी सरकारी तपासणी झालेली नसते. दर बाटलीचं लेबल नव्यानं वाचा. शंका आली तर फार्मसीला विचारा. डॉक्टरांपासून काही लपवू नका. आणि प्रेमापोटीसुद्धा आपलं औषध दुसऱ्याला देऊ नका. मी यंत्र असून सांगतो, काळजी घेणं हाही एक नेमच आहे.

रविवारी रुही म्हणाली, “मावशीला टेक्स्ट कर ना, कॅन्सल म्हणून. तू अजून वीक आहेस.”

“येते म्हटलंय तिला. काय झालं ते समोर बसून सांगीन. मग दोघी मिळून माझ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊ, कंपनीकडून काही सवलत मिळते का तेही विचारू.”

काकूंनी चपला घातल्या. गॅरेजचं दार वर गेलं, ऊन आत आलं, आणि त्यांची गाडी हळूच मागे सरकत रस्त्याला लागली.